स्मार्ट स्पीकर खरंच काय ऐकतो? घरच्या घरी तपासा

आईनं स्मार्ट स्पीकरवर रुमाल टाकून ठेवला होता. "सारखा कान देऊन बसतो मेला," म्हणाली. मी पोटापाण्यासाठी नेटवर्कची कामं करतो. त्यामुळे तिची तोंडी समजूत काढण्याऐवजी मी तिला लॅपटॉप घेऊन राउटरशेजारी बसवलं. त्या दुपारी आम्ही जे केलं, ते तुम्हीही करू शकता. तासभर वेळ आणि राउटरचा पासवर्ड हाताशी ठेवा.

आधी रुमाल काढा. रुमालानं आवाज अडत नाही, फक्त स्पीकरचा दिवा झाकला जातो, आणि आपल्याला तर तोच बघायचाय.

आता राउटर चालूच ठेवून त्याला बाहेरून येणारी इंटरनेटची वायर तेवढी काढा. स्पीकरला त्याच्या नावानं हाक मारा. दिवा लागेल. मग विचारा, उद्या पाऊस आहे का? क्षणभर घुटमळून तो इंटरनेट नसल्याची तक्रार करेल. म्हणजे हाक ओळखण्यापुरती अक्कल डब्यात आहे, बाकीची दूर कुठल्या तरी सर्व्हरवर, म्हणजे कंपनीच्या मोठ्या संगणकावर. काही नव्या मॉडेलांत साधी कामं डब्यातच होतात. तुमचं तसं असेल तर तेही इथेच कळेल.

हाक ओळखायला तो सतत ऐकतो, हे आईचं खरंच आहे. पण शेवटचे काही सेकंदच त्याच्या मेमरीत असतात, पाटीवर लिहावं आणि लगेच पुसावं तसे. हाक कुठून आली हे कळावं म्हणून त्यात बहुधा एकाहून जास्त माइक असतात. 2014 साली आलेल्या पहिल्या अ‍ॅमेझॉन इकोत 7 होते. दोन माइकांत 7 सेंटीमीटर अंतर असेल, तर बाजूनं आलेला आवाज दुसऱ्या माइकपर्यंत फार तर 0.2 मिलिसेकंद उशिरा पोचतो. एवढ्याशा फरकावरून तो दिशा काढतो. स्वतः लावलेलं गाणं त्याला माहीत असतं, म्हणून ते वजा करून तो तुमचा आवाज ऐकू शकतो. टीव्हीवर काय चाललंय ते मात्र त्याला माहीत नसतं. टीव्हीतल्या एखाद्या शब्दानं तो दचकून जागा होतो तो त्यामुळे.

वायर परत लावा आणि ब्राउझरमध्ये राउटरच्या सेटिंगांचं पान उघडून त्यात जोडलेल्या उपकरणांची यादी काढा. स्पीकरचं नाव तिथे अगम्य अक्षरांत असू शकतं, तेव्हा त्याचा प्लग काढून कुठली ओळ गायब होते ते बघा. त्या ओळीतला अपलोडचा आकडा टिपून घ्या. तुमचा राउटर प्रत्येक उपकरणाचा आकडा दाखवत नसेल, तर स्पीकर फोनच्या हॉटस्पॉटला जोडून फोनवरचा डेटा वापर पाहिला तरी चालेल. आता दहा मिनिटं हाक न मारता नेहमीसारख्या गप्पा मारा. गप्प बसू नका, नाहीतर कशाचीच परीक्षा होणार नाही.

हिशेब सोपा आहे. बोलणं साधारणपणे सेकंदाला 16,000 नमुने (आवाजाची क्षणाक्षणाची मापं), प्रत्येकी 16 बिट, असं टिपतात. म्हणजे सेकंदाला 32 केबी, दहा मिनिटांचे 19 एमबीच्या वर. दाबून आठपट लहान केलं तरी दोन-अडीच एमबी जायलाच हवेत. आमचा आकडा एक एमबीलाही शिवला नाही.

पण थांबलेलाही नव्हता. आईनं लगेच बोट ठेवलं, "मग हे काय चाललंय?" घड्याळ जुळवणं, सॉफ्टवेअर अपडेट आहे का विचारणं, आणि सर्व्हरशी 'जागा आहेस ना?' 'आहे' एवढंच. निदान बहुतेक तेवढंच. मजकूर कूटबद्ध, म्हणजे बाहेरच्याला वाचता येऊ नये असा केलेला असतो, त्यामुळे आपल्याला फक्त आकार दिसतो. अखंड आवाज जात नाही एवढंच यातून ठरतं. याहून मोठा दावा मी करणार नाही.

आता हाक मारून म्हणा, "उद्या सहाला उठव." आकडा टुणकन वर जाईल. तुमचं वाक्य संपायची वाट न बघता आवाज तुकड्या-तुकड्यानं सर्व्हरकडे निघालेला असतो. तिथे आवाजाचे शब्द होतात, शब्दांतून काम वेगळं काढलं जातं (काम: गजर, वेळ: सहा), मग सकाळचे की संध्याकाळचे हा प्रश्न आवाज होऊन परत येतो. खोलीतला स्मार्ट बल्ब लावायला सांगितलं, तर पुष्कळदा निरोप स्पीकरच्या कंपनीकडून बल्बच्या कंपनीकडे जाऊन मग तुमच्याच खोलीत परत येतो. बटण चार हातांवर असलं तरी.

कधी स्पीकरचा दिवा लागून लगेच विझतो, बघितलंय? पुष्कळदा तेव्हा सर्व्हरनं ती हाक पुन्हा तपासून नाकारलेली असते. पण ते काही सेकंद तोवर गेलेले असतात. फोनवरच्या स्पीकरच्या अ‍ॅपमध्ये आवाजाचा इतिहास उघडा, बरेचदा तिथे सापडतात. आम्हाला आईचं मावशीशी फोनवर चाललेलं "अगं पण ऐक तरी!" सापडलं. रागावेल वाटलं होतं. तिनं दोनदा ऐकलं आणि विचारलं, "माझा आवाज असा आहे?"

हा भाग कंटाळवाणा वाटला तरी टाळू नका. अ‍ॅमेझॉन, गूगल आणि अ‍ॅपल यांच्याकडची काही रेकॉर्डिंग माणसंही ऐकतात, हे 2019 साली उघड झालं. त्याच अ‍ॅपच्या सेटिंगांत माणसांकडून तपासणीला नकार देण्याचा पर्याय शोधा, आणि जुनं आपोआप पुसण्याची मुदत असेल तर सगळ्यात कमी ठेवा.

राहिलं माइकचं बटण. ते दाबा, लाल किंवा केशरी खूण दिसते का बघा, मग चार-पाचदा हाका मारा. काहीच झालं नाही पाहिजे. बहुतेक स्पीकरांत हे बटण माइकच तोडतं.

मावशीचा फोन आला की आई आता आधी ते बटण दाबते. रुमाल परत टाकलाय, धुळीसाठी म्हणे, पण दिव्याएवढी जागा उघडी सोडून.