मॅग्नाकटचं पातं: पाणी देण्यापासून धार लावण्यापर्यंत

सुरीच्या पोलादात एक जुनी ओढाताण आहे. गंज रोखायला क्रोमियम वाढवावं, तर ते कार्बनशी जोडलं जाऊन कार्बाइडचे जाड खडे तयार करतं. असे खडे धारेजवळ आले की तिथूनच खांडे पडायला सुरुवात होते. शिवाय खड्यांत अडकलेलं क्रोमियम गंज रोखायला उपयोगी पडत नाही ते वेगळंच.

धातुशास्त्रज्ञ लॅरिन थॉमस यांनी रचलेलं आणि क्रूसिबल कंपनीने २०२१ मध्ये आणलेलं सीपीएम मॅग्नाकट हे सुरीचं पोलाद नेमकं इथे वेगळं ठरतं. त्यात कार्बन सुमारे १.१५ टक्के, क्रोमियम १०.७, व्हॅनेडियम ४, नायोबियम २, मॉलिब्डेनम २ आणि नायट्रोजन ०.२ टक्के असतो. एस३०व्ही या सुरीच्या दुसऱ्या पोलादात क्रोमियम १४ टक्के असतं, त्यामुळे १०.७ हा आकडा तोकडा वाटतो. पण इथे बराचसा कार्बन व्हॅनेडियम आणि नायोबियमच पकडून ठेवतात. नीट पाणी दिलेल्या, म्हणजे तापवून झटपट थंड करून कडक केलेल्या पात्यात क्रोमियमचं कार्बाइड जवळजवळ उरतच नाही. क्रोमियम पोलादात विरघळून राहतं आणि गंज अडवण्याचं आपलं काम करतं. भुकटीपासून घडवलेलं असल्यामुळे बाकीचे कार्बाइडही अगदी बारीक आणि सगळीकडे सारखे पसरलेले असतात.

मात्र हे सगळं ‘नीट पाणी दिलेल्या’ या तीन शब्दांवर टिकून आहे. म्हणून या लेखात भट्टीला सर्वांत जास्त जागा दिली आहे.

भट्टीआधी

पट्टी मऊ अवस्थेत मिळते. आकार कापणं, मुठीच्या पिनांची भोकं पाडणं, कडा घासणं हे सगळं आताच उरका. नंतर साधं ड्रिल बिट चालत नाही, कार्बाइडचं लागतं. पात्याचा धारेकडे निमुळता होत जाणारा उतार आधी घासणार असाल तर धारेकडे किमान ०.७ मिमी जाडी राखा, त्याहून पातळ कड भट्टीत लाटेसारखी वाकते. पट्टी ३ मिमीपेक्षा पातळ असेल तर उतार पाणी दिल्यानंतरच घासावा हे उत्तम. पातं आणि मूठ जिथे मिळतात तिथले आडवे ओरखडे काढून टाका आणि तिथला कोपरा गोलसर ठेवा. तडा जायचाच असेल तर बहुधा तिथूनच जातो.

पाणी देणं

‘पाणी देणं’ म्हणतो खरं, पण या पोलादाला पाण्यात बुडवायचं नसतं. रंग पाहून तापमान ओळखायची सवयही इथे उपयोगाची नाही. तापमान अचूक धरून ठेवणारी विजेची भट्टी हवी.

१. पातं स्पिरिटने पुसून स्टेनलेस फॉइलमध्ये गुंडाळा आणि कडा दोनदा दुमडून बंद करा. हातमोजे घाला, या फॉइलची कड ब्लेडसारखी कापते. फॉइल ३०९ प्रतीचं घ्या. ३२१ प्रतीचं साधारण १०९० अंश सेल्सिअसपर्यंतच टिकतं आणि आपल्याला त्याच्या वर जायचं आहे. पाकिटाला भोक पडलं की आत हवा जाते, पृष्ठभागावरचा कार्बन जळतो आणि वरचा थर मऊ राहतो.

२. पातं आधी ८५० अंशांवर पाचदहा मिनिटं ठेवा, म्हणजे ते आतबाहेर सारखं तापेल. मग भट्टी ११२० अंशांवर न्या. तिथे पोचल्यावर ३ मिमीच्या पात्याला १५ ते २० मिनिटं द्या. दार उघडल्यावर पारा खाली येतो, म्हणून वेळ तापमान पुन्हा गाठल्यापासून मोजा.

३. पाकीट बाहेर काढा आणि न उघडता साधारण २५ मिमी जाडीच्या दोन अॅल्युमिनियम प्लेटांमध्ये दाबा. बाजूने कॉम्प्रेसरची हवा मारा. पातं हाताला सोसेल इतकं होईपर्यंत दाब सोडू नका.

या पायरीवर होणारी चूक सर्वांत फसवी आहे. मॅग्नाकट नुसत्या हवेतही कडक होतं, त्यामुळे पातं सावकाश थंड झालं तरी कठीणपणा मोजणाऱ्या यंत्रावर आकडा ठीकच दिसू शकतो. पण सावकाश थंड होताना कणांच्या सीमेवर कार्बाइड साचतात. तिथला चिवटपणा आणि गंजरोधकपणा जातो आणि ते कळतं थेट वापरात.

४. खोलीच्या तापमानाला आल्याबरोबर अतिथंडाई द्या: कोरडा बर्फ घातलेल्या अल्कोहोलमध्ये उणे ७८ अंशांना, किंवा द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांना, तासभर. पातं रात्रभर तसंच ठेवून सकाळी थंडाई दिली तर परिणाम घटतो, कारण न बदललेला मऊ भाग तोवर स्थिर होऊन बसतो. घरगुती फ्रीझर यासाठी पुरत नाही. दारं-खिडक्या उघड्या ठेवा. कोरडा बर्फ आणि द्रव नायट्रोजन, दोन्हींच्या वाफेने बंद खोलीत गुदमरायला होतं. अल्कोहोलजवळ ज्योत नको.

५. १७५ अंशांवर दोन तास, असं दोनदा टेंपर करा, म्हणजे ठिसूळपणा उतरवायला हलकं तापवा. मध्ये पातं पूर्ण गार होऊ द्या. किंचित वाक आला असेल तर दुसऱ्या टेंपरच्या वेळी जाड पट्टीला क्लॅम्प लावून, खाली पातळ पत्रा देऊन वाकाच्या उलट बाजूला ताण द्या.

शेवटी कठीणपणा ६२ ते ६४ एचआरसी (रॉकवेल माप) यायला हवा. ६० च्या आसपास अडकलं तर भट्टी कमी तापली होती किंवा थंडाई चुकली. ५०० ते ५५० अंशांवरचं टेंपर इथे टाळा. कठीणपणा मिळतो, पण क्रोमियम पुन्हा कार्बाइडमध्ये जातं, आणि मग हे पोलाद घेण्याचं कारणच उरत नाही.

घासताना

कडक झालेलं पातं उघड्या हाताने, म्हणजे तापलेलं लगेच कळेल असं धरून, नव्या सिरॅमिक बेल्टवर घासा आणि दर फेरीला पाण्यात बुडवा. साध्या पोलादाप्रमाणे रंग बदलायची वाट पाहू नका. स्टेनलेसवर रंग बऱ्याच जास्त तापमानाला उमटतो. पिवळसर झाक दिसेपर्यंत टेंपर कधीच उतरलेलं असतं. धारेमागची जाडी स्वयंपाकघरातल्या सुरीला ०.२ ते ०.२५ मिमी, रानातल्या कामाच्या सुरीला ०.४ ते ०.५ मिमी ठेवा. सुरी सहज कापते की अडते, हे पोलादापेक्षा या जाडीवर जास्त ठरतं.

धार लावणं

व्हॅनेडियमचं कार्बाइड नेहमीच्या अॅल्युमिनाच्या दगडापेक्षा कठीण असतं. म्हणून हिऱ्याची किंवा सीबीएनची (बोरॉन नायट्राइड या अतिकठीण पदार्थाची) प्लेट वापरा. साध्या दगडावरही धार येते, पण बारीक ग्रिटला वेळ खूप लागतो आणि धार घासली जाण्यापेक्षा चोळलीच जाते.

कोन दर बाजूला १५ अंश, जाड कामाला १८ ते २०. कोन मोजायची सोपी रीत अशी: पात्याच्या रुंदीला ०.२६ ने गुणा. ३० मिमी रुंद पात्याच्या पाठीचा मध्य दगडापासून सुमारे ८ मिमी वर धरला की १५ अंश झाले. धारेच्या उतारावर मार्करची शाई लावा आणि दोनचार हात फिरवा. शाई फक्त वरच्या बाजूची गेली तर पाठ खाली पडते आहे, फक्त टोकाची गेली तर जास्त उचलली जाते आहे.

४०० ग्रिटवर एका बाजूला बर उठेपर्यंत घासा. अंगठ्याचं बोट पाठीकडून धारेच्या बाहेर, आडवं सरकवलं की नखाच्या कडेसारखं काहीतरी अडतं, तीच बर. ती टाचेपासून टोकापर्यंत सलग लागली तरच बाजू बदला. मग १००० ग्रिट घ्या आणि दर हाताला बाजू बदलत दाब कमी करत जा. शेवटचे दहा हात फक्त पात्याच्या वजनाचे. शेवटी १ मायक्रॉनची हिऱ्याची पेस्ट लावलेल्या चामड्यावर पाठ पुढे ठेवून परजा. धार लावली त्याच दिवशी गेली तर बहुतेक वेळा बर काढायची राहिलेली असते. पोलादाला दोष देऊ नका.

आता चाचणी घ्या. ६ मिमी जाडीच्या पितळी सळईवर धार त्याच कोनात हलकी दाबून पुढे ओढा. उजेडात धार थोडी वाकून परत सरळ येताना दिसली तर पातं बरोबर आहे. वाकलेलीच राहिली तर मऊ आहे, खांडा पडला तर ठिसूळ आहे किंवा कोन फार बारीक झाला आहे.

कुठे वापरावं

मासे साफ करण्याची, स्वयंपाकाची, खिशातली आणि रानातली सुरी, म्हणजे ओल आणि पातळ धार दोन्ही जिथे आहेत तिथे. लाकूड तोडायच्या जड कोयत्याला सीपीएम ३व्ही हे पोलाद जास्त चिवट आहे. दिवसभर नुसता पुठ्ठा कापायचा असेल तर एस९०व्ही या पोलादाची धार अधिक टिकते.

खाऱ्या पाण्यातून आल्यावर गोड्या पाण्याने धुऊन पुसा. केशरी ठिपके आलेच तर बारीक पॉलिशने काढा आणि पुन्हा येतात का ते पाहा. त्याच जागी परत आले तर साध्या लोखंडावर वापरलेल्या बेल्टची भुकटी पृष्ठभागात रुतलेली असते. नव्या बेल्टवर तो थर घासून काढा आणि या पोलादासाठी बेल्ट कायम वेगळे ठेवा.