जलतरंग कसं लावावं आणि वाजवायला कशी सुरुवात करावी

सात एकसारख्या वाट्या मांडा, पाण्याची पातळी पायरीपायरीने चढवत न्या, झालं सप्तक तयार. जलतरंगाबद्दल कुणालाही विचारा, हाच सल्ला मिळतो. फोटोत ते छान दिसतं, पण त्यातून सूर निघत नाहीत आणि लोक दुसऱ्याच दिवशी वाट्या परत फडताळात ठेवतात. वाजवणं तसं सोपं आहे. जीव खातं ते लावणं, म्हणून इथे जास्त मजकूर त्याबद्दलच आहे.

वाट्या

चिनीमातीच्या, बूड सपाट असलेल्या आणि वर थोड्या पसरत जाणाऱ्या वाट्या घ्या. निवडताना प्रत्येक वाटी कोरडीच तळहातावर ठेवून काठावर पेन्सिलीने टिचकी मारा. बद्द वाजली तर बाजूला ठेवा, कुठेतरी बारीक तडा असतो. नुसत्या आकारावर जाऊ नका. पातळ वाटीचा सूर खाली असतो आणि जाड वाटीचा वर, त्यामुळे मोठी पण जाड वाटी लहान पातळ वाटीपेक्षा चढी वाजू शकते. कानाचे कप तर अजिबात नकोत. कानाच्या वजनामुळे एकाच कपात दोन सूर तयार होतात: कानासमोर वाजवलं तर एक, तिथून तिरकं वाजवलं तर दुसरा.

जुन्या ग्रंथांत २२ वाट्यांचा संच पूर्ण आणि १५ वाट्यांचा मध्यम म्हटला आहे. तुम्ही सहा घ्या. भूप राग वाजवा: सा, रे, ग, प, ध आणि वरचा सा.

मांडणी

जमिनीवर पातळ कापड अंथरा. खालचा सूर डाव्या हाताला आणि चढा उजवीकडे अशी अर्धवर्तुळात मांडा. वाट्या एकमेकींना टेकू देऊ नका.

सूर लावणं

आता खरी कटकट.

पाणी घातलं की सूर उतरतो, इतकं सगळ्यांना माहीत असतं. पण तो सारख्या मापाने उतरत नाही, आणि मला सर्वांत जास्त छळलं ते इथेच. वाटीचा काठ जोरात थरथरतो आणि बूड जवळजवळ स्थिर असतं. त्यामुळे तळाशी असलेल्या पाण्याने फारसा फरक पडत नाही. सगळा परिणाम काठाजवळच्या पाण्याचा असतो. काचेच्या पेल्यासाठी ए. पी. फ्रेंच या भौतिकशास्त्रज्ञाने १९८३ मध्ये हे गणिताने मांडलं: परिणाम साधारण पाण्याच्या उंचीच्या चौथ्या घाताने वाढतो. म्हणजे निम्म्या उंचीपर्यंत भरलेल्या पेल्यावर काठोकाठ भरलेल्याच्या जेमतेम सोळाव्या हिश्श्याइतका परिणाम होतो. वाटीचा आकार वेगळा असला तरी वागणं तेच. पहिले चार चमचे घातले तरी सूर ढिम्म हलत नाही, वर पोचल्यावर एक चमचा जास्त झाला की रिषभाचा (रे) षड्ज (सा) होतो.

यावरून दोन गोष्टी ठरतात. एक म्हणजे एकाच मापाच्या वाट्यांमधून सप्तक काढायचा हट्ट सोडा. फार भरलेल्या वाटीची आस मरते, सूर टक्कन वाजून संपतो. जी वाटी कोरडी असताना हव्या सुरापेक्षा अर्धा ते दीड स्वर चढी वाजते तीच त्या सुरासाठी घ्या. कोरड्या वाटीचाच सूर हव्या सुरापेक्षा खाली असेल तर ती तिथे कधीच लागणार नाही, कारण पाण्याने सूर फक्त उतरतो. दुसरं म्हणजे षड्ज आधी ठरवून बसू नका. पेटीची काळी एक पट्टी की काळी पाच हा वाद गायकांचा. तुमच्याकडच्या सर्वांत खालच्या वाटीत थोडं पाणी घालून ती जिथे मोकळी, गोड वाजते तोच तुमचा सा. तानपुऱ्याचं अ‍ॅप त्या सुरावर आणा.

पाण्याचा थेंब घालण्याआधी आणखी एक काम आहे, आणि ते सहसा कुणी सांगत नाही. काठावर हलकेच वाजवून नीट ऐका. बऱ्याच वाट्यांचा सूर सरळ न जाता वँव-वँव असा हेलकावे खातो. वाटी तंतोतंत गोल नसते किंवा एका बाजूला किंचित जाड असते, त्यामुळे दोन अगदी जवळजवळचे सूर एकदम वाजतात. अशा वाटीला सूर लावायला बसलात तर दिवस जाईल. वाटी जागच्या जागी थोडी थोडी फिरवा आणि दर वेळी तुमच्या समोर येणाऱ्या काठावर वाजवत राहा. एका जागी हेलकावा थांबतो आणि सूर स्वच्छ येतो. पूर्ण फेरी घ्यावी लागत नाही, एक अष्टमांश फेरीच्या आतच ती जागा सापडते. तिथे बाहेरून पेन्सिलीने टिंब करा. यापुढे ती वाटी कायम त्या टिंबावरच वाजवायची.

मग पाणी. नळाचं ताजं पाणी थेट वापरू नका. कडेला बारीक बुडबुडे चिकटतात आणि आवाज दबतो, म्हणून पाणी आधी भांड्यात काही वेळ ठेवून निवू द्या. वाटी निम्म्याच्या थोडी वर भरेपर्यंत बिनधास्त ओता, पुढे चमच्याने घाला आणि शेवटी ड्रॉपरने. सूर किंचित चढा असतानाच चमचा ठेवून द्या आणि थेंबाथेंबाने खाली या. जास्त झालेलं पाणी फडक्याने टिपत बसलात तर दर वेळी हव्याहून जास्त टिपलं जातं. ते काढायचंच असेल तर ड्रॉपरनेच काढा.

ट्यूनर अ‍ॅपच्या नादी लागू नका. वाटीचा सूर लवकर विरतो. शिवाय तिचे वरचे स्वर तारेसारखे मूळ सुराच्या पटीत नसतात, म्हणून काटा भलतीकडेच उड्या मारतो. तानपुरा चालू ठेवा, हवा तो सूर आधी स्वतः गुणगुणा आणि तो गळ्यात असतानाच वाटी वाजवा. दोन्हींत फरक असेल तर लगेच टोचतो. सा, मग पंचम, मग वरचा सा असं आधी लावून घ्या. बाकीचे त्यांच्या आधाराने बसतात.

या डोकेदुखीवर बेंजामिन फ्रँकलिनने १७६१ मध्ये पाणी भरून सूर लावण्याचाच काटा काढला. ठरावीक सुरांचे काचेचे कटोरे त्याने एका फिरत्या दांड्यावर ओवले आणि ते ओल्या बोटांनी वाजवायची सोय केली. संगीतकार मोझार्टने १७९१ मध्ये त्या वाद्यासाठी रचनाही केली. आपल्याला मात्र ड्रॉपर आहेच.

वाजवणं

बांबूच्या किंवा लाकडाच्या दोन हलक्या काड्या सैल धरा, काठावर टेकताच उसळू द्या. वाजवल्यावर लगेच काडीचं टोक पाण्याला अलगद लावलं की सुराला लहर येते. त्याची सवय लावून घेऊ नका, दर सुराला केलं की कंटाळवाणं होतं.

पंखा बंद ठेवा. पाणी उडून आणि आटून सूर हळूहळू चढत जातो, म्हणून प्रत्येक बंदिशीनंतर सा आणि प तानपुऱ्याशी ताडून पाहा आणि दोन थेंब घाला. काठावर मार्करने पाण्याची रेघ मारून ठेवायचा सल्ला बरेच जण देतात. भरताना कुठे थांबायचं याचा अंदाज यावा, इतपतच ती रेघ कामाची. वरच्या भागात रेघेच्या जाडीएवढं पाणीसुद्धा सूर बिघडवतं.

भूप हाताला बसला की दुर्गा राग घ्या. त्यात ग नाही, म आहे. शुद्ध गंधारापासून शुद्ध मध्यम फक्त अर्धा स्वर वर असल्याने बाकीच्या पाच वाट्यांना हात लावायचा नाही. गंधाराच्या वाटीतलं पाणी ड्रॉपरने कमी करत जा, म लागेल तिथे थांबा. त्यासाठी गंधाराला वाटी निवडतानाच कोरडी असताना मध्यमापेक्षा चढी वाजणारी निवडा.