अज्ञान वारसाचा हिस्सा विकायचा असेल तर: आधी न्यायालयाची परवानगी, मग खरेदीखत

वडील गेले की वारसनोंद होते आणि सातबाऱ्यावर लहान मुलांची नावे लागतात, पुढे ‘अ.पा.क. आई’ असा शेरा. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता, अज्ञान म्हणजे 18 पूर्ण न झालेले मूल. हा शेरा म्हणजे विक्रीचा अधिकार, असे समजून बऱ्याच व्यवहारांत आईच्या सहीने थेट खरेदीखत केले जाते. शेरा फक्त मुलाच्या वतीने कोण बोलणार एवढेच सांगतो.

हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, 1956 च्या कलम 8 नुसार नैसर्गिक पालकालाही अज्ञानाची स्थावर मिळकत विकण्याआधी, गहाण, बक्षीस किंवा अदलाबदल करण्याआधी न्यायालयाची परवानगी लागते. भाडेपट्ट्यालाही मर्यादा आहे: 5 वर्षांपेक्षा जास्त नको आणि मूल सज्ञान झाल्यावर 1 वर्षाच्या पुढे जाणारा नको. मुलगा आज 15 वर्षांचा असेल तर पट्टा जास्तीत जास्त 4 वर्षांचा. आणि हक्कसोडपत्र! ‘विकत थोडेच आहोत, काकांच्या नावे सोडतोय’ म्हणून आईने मुलांचा हक्क सोडला, तरी तेही हस्तांतरणच आहे.

परवानगीविना झालेला व्यवहार आपोआप रद्द होत नाही, पण मुलाला तो रद्द करून घेता येतो. मुदत 18 पूर्ण झाल्यापासून 3 वर्षे. म्हणून कर्ज देणाऱ्या बँकेचा वकील मिळकतीच्या जुन्या नोंदींचा शोध घेताना ‘अ.पा.क.’ दिसला की आदेशाची प्रत मागतोच.

पालक कोण, हे आधी पक्के करा. वडील, त्यांच्यानंतर आई. ‘नंतर’ म्हणजे केवळ मृत्यूनंतर नव्हे. वडील मुलाकडे ढुंकूनही पाहत नसतील तर ते हयात असतानाही आई पालक ठरू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये गीता हरिहरन प्रकरणात सांगितले. सावत्र आई-वडील नैसर्गिक पालक नाहीत. आजी-आजोबा किंवा काका मूल सांभाळत असले तरी तेवढ्याने त्यांना मिळकतीचा व्यवहार करता येत नाही. त्यांनी आधी पालक व पाल्य अधिनियम, 1890 खाली स्वतःची नेमणूक करून घ्यावी.

अर्जाच्याही आधी फेरफार, म्हणजे हक्क कसा आला त्याची नोंद, वाचा. मिळकत एकत्र कुटुंबाची आणि मुलाचा हिस्सा अविभक्त असेल, व्यवहार कर्ता (कुटुंबप्रमुख) करत असेल, तर कलम 8 लागू होत नाही. वडिलांनी स्वतः कमावलेला फ्लॅट वारसाने आला असेल तर लागू होते. अशा फ्लॅटमध्ये मृत्युपत्र नसताना पत्नी, मुले आणि मृताची आई यांचे समान वाटे पडतात. आजीला विसरणे ही नेहमीची चूक. 60 लाखांचा फ्लॅट, पत्नी, दोन मुले, आजी: प्रत्येकी 15 लाख, म्हणजे अज्ञानांचे 30 लाख.

मुंबईबाहेर अर्ज जिल्हा न्यायालयात द्यायचा, आणि तोही मिळकत जिथे आहे तिथल्या. राहता पुण्यात, जमीन साताऱ्यात, तर सातारा. कौटुंबिक न्यायालय मुलाच्या ताब्यासाठी. या परवानगीसाठी तिकडे फेऱ्या मारू नका.

सोबत मुलांचे जन्मदाखले, मृत्यूदाखला, सातबारा, 8-अ (खातेउतारा) व फेरफार (फ्लॅट असल्यास करारनामा, सोसायटीचे भागपत्र), मूल्यांकन अहवाल आणि जवळच्या नातेवाइकांची नावे-पत्ते जोडा. नातेवाइकांची संमती प्रतिज्ञापत्रावर आधीच घेतली तर नोटिशीतला वेळ वाचतो.

अर्ज फसतो तो कारणाच्या परिच्छेदात. कायद्याला गरज किंवा उघड फायदा हवा, आणि तो मुलाचा. ‘कौटुंबिक अडचणीमुळे’ एवढे लिहून भागत नाही. नेमके लिहा: जमीन 11 गुंठे, जिरायत, वाट नाही, वर्षाचे उत्पन्न अमुक, मुलीची फी तमुक, येणाऱ्या पैशातून तिच्या नावे किती ठेव. वडिलांचे कर्ज फेडायचे असेल तर बँकेचा थकबाकीचा उतारा लावा. किंमत रेडीरेकनरपेक्षा (सरकारी दरापेक्षा) कमी दाखवली तर प्रश्न येणारच.

ग्राहक हातचा जाऊ नये म्हणून इसार (आगाऊ रक्कम) घ्यावासा वाटतो. घ्यायचाच तर साठेखतात (विक्रीच्या आधीच्या करारात) ‘न्यायालयाची परवानगी मिळाल्यास’ अशी अट आणि न मिळाल्यास इसार परत करण्याचे कलम टाका. मोठी रक्कम मात्र घेऊ नका. ती खर्च झाली की परत कुठून करणार?

आदेश आला की अटी ओळीने वाचा: किमान किंमत, मुदत, मुलांचा वाटा न्यायालयात भरायचा की त्यांच्या नावे मुदत ठेवीत. खरेदीखतात अर्ज क्रमांक आणि आदेशाची तारीख लिहून प्रमाणित प्रत जोडा. अज्ञानाच्या वाट्याचा धनादेश वेगळा काढा. आईच्या खात्यात एकत्र जमा झालेले पैसे पुढे हिशेबात वेगळे काढणे जिकिरीचे होते. परवानगी नाकारली तर अपील करता येते.

मुस्लिम, ख्रिश्चन कुटुंबांना आणि गोव्यात नियम वेगळे आहेत. ही पद्धत तिथे वापरू नका.

हिस्सा विकला नाही आणि मूल 18 चे झाले, तर जन्माचा पुरावा जोडून गावच्या तलाठ्याकडे (आताचे पदनाम ग्राम महसूल अधिकारी) अ.पा.क. शेरा कमी करण्याचा अर्ज द्या. तो फेरफार होईपर्यंत सातबाऱ्यावर पंचविशीतला माणूसही अज्ञानच दिसतो.