निळे पडलेले फोटो आणि रॉची सवय

घरात दिव्यांखाली फोटो काढले आणि व्हाइट बॅलन्स (प्रकाशानुसार फोटोचे रंग जुळवणारी सेटिंग) टंगस्टनवरच, म्हणजे पिवळ्या दिव्यांसाठीच्या पर्यायावरच विसरलो. दुसऱ्या दिवशी उन्हात शंभरेक फोटो काढले, सगळे निळेशार! कॅमेरा जेपेगवर होता. संगणकावर रंग पिवळ्याकडे ओढले तर चेहरे मातकट झाले, आकाशात पायऱ्यांसारखे पट्टे उमटले.

कारण सरळ होतं. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला ८ बिट, म्हणजे उजळपणाच्या फक्त २५६ पातळ्या. शिवाय व्हाइट बॅलन्स कॅमेऱ्यानेच लावून टाकलेला, उरलेली माहिती फेकून दिलेली. रॉ म्हणजे सेन्सरने टिपलेली माहिती प्रक्रिया न करता ठेवणारी फाइल; १४ बिटांच्या रॉमध्ये १६,३८४ पातळ्या असतात, आणि व्हाइट बॅलन्स ही फाइलला जोडलेली नुसती नोंद असते. नंतर हवी तशी बदला, मूळ माहितीला धक्का लागत नाही.

ते फोटो शेवटी कृष्णधवल करून वाचवले. (काही तर त्यामुळेच बरे दिसतात, पण ते असो.)

आता महत्त्वाचं काही असेल तर रॉ अधिक जेपेग दोन्ही ठेवतो. कार्ड लवकर भरतं. पळत्या मुलांचे सलग फोटो घेताना मात्र नुसतं जेपेगच, कारण रॉच्या जड फाइलींनी बफर (कॅमेऱ्याची तात्पुरती मेमरी) तुंबतो आणि कॅमेरा ऐन वेळी थबकतो. आणि रॉ आहे म्हणून एक्स्पोजरकडे (किती प्रकाश आत घ्यायचा त्याकडे) दुर्लक्ष करत नाही: पूर्ण पांढरा जळालेला ढग रॉमधूनही परत येत नाही, हेही मी करूनच पाहिलंय.