वस्तीवरचं कुत्रं, डिस्टेंपर आणि अर्धवट राहिलेल्या सुया

आमच्या कुत्र्याला, टिप्याला, लशीची सुई दिली होती. एकच, दीड महिन्याचा असताना. मग ऊसतोड लागली आणि पुढच्या राहून गेल्या. पाच महिन्यांचा झाला आणि डिस्टेंपरनं, म्हणजे कुत्र्यांना होणाऱ्या एका विषाणूच्या रोगानं, गेला. आमची वस्ती जुन्नर तालुक्यात, तिन्ही बाजूंना ऊस. इथे कुत्रं हौसेखातर पाळत नाहीत. बिबट्या आल्याची पहिली खबर तेच देतं.

आधी सुयांचं, कारण चूक तिथेच होते. पिलू जन्मल्याबरोबर आईचा चीक पितं. चिकातून आलेली ताकद त्याला रोगापासून जपते, पण तीच ताकद लसही वाया घालवते, कारण लशीत तोच विषाणू अशक्त करून घातलेला असतो. एखाद्या पिलात ही ताकद सहाव्या आठवड्यात ओसरते, एखाद्यात चौदाव्या. वरून बघून कळत नाही. म्हणून सहा ते आठ आठवड्यांचं असताना पहिली सुई, मग दर तीन-चार आठवड्यांनी एकेक, आणि शेवटची 16 आठवडे भरल्यावरच. त्याआधी थांबलात तर सगळ्या फुकट गेल्या असंही होऊ शकतं. टिप्याची तर एकच होती. पुढे वर्षानं एक, नंतर डॉक्टर सांगतील तशी. मोठं कुत्रं घरी आणलं आणि आधीचं काही ठाऊक नसेल, तर तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं दोन. बाटलीवर सात किंवा नऊ रोगांची लस असं लिहिलेलं असलं तरी त्यात रेबीज धरू नका, ती वेगळी विचारून घ्या.

लस 2 ते 8 अंशांत राहायला हवी. टिप्याची आमच्या घरधन्यांनी एप्रिलच्या उन्हात शर्टाच्या खिशात घालून मोटारसायकलवरून आणली होती! बर्फाच्या थर्मासमध्ये आणा. त्याहून बरं, कुत्र्यालाच दवाखान्यात न्या.

आता ओळखायचं कसं. सुरुवात साध्या सर्दीसारखी. ताप, डोळ्यांत पिवळी चिपडं, नाकातून घट्ट शेंबूड, खोकला, मग जेवण बंद आणि जुलाब. मी आठ दिवस हळद-दूध पाजत बसले. ते आठ दिवस डॉक्टरांकडे जायचे होते. काही कुत्र्यांच्या पंजाच्या गाद्या आणि नाक कडक होतं. आठ-पंधरा दिवसांनी, कधी कुत्रं बरं झालंय असं वाटत असतानाच, झटके सुरू होतात: च्युइंगगम चघळल्यासारखा जबडा हलतो, तोंडाला फेस येतो, एखादा पाय झोपेतही ठराविक तालात उडत राहतो.

इथे सगळ्यात मोठी सावधगिरी. झटके आणि लाळ रेबीजमध्येही असतात आणि नुसत्या नजरेनं फरक कुणालाच सांगता येत नाही. तोंडात हात घालू नका, गोळ्या कोंबू नका, पोरांना लांब ठेवा. चावलं किंवा लाळ जखमेला लागली, तर साबण लावून 15 मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. डिस्टेंपर माणसाला होत नाही, पण तो डिस्टेंपरच आहे हे आपण ठरवायचं नसतं.

विषाणू मारणारं औषध नाही. डॉक्टर सलाईन, झटक्यांचं औषध, न्यूमोनिया होऊ नये म्हणून अँटिबायोटिक देतात, बाकी सेवा आपली. अंधाऱ्या, शांत जागी गोणपाटाची गादी करा. उकळून कोमट केलेल्या पाण्यानं डोळे पुसा, हातमोजे घालून. झटका आला की आजूबाजूचं सामान हलवा, किती मिनिटं टिकला ते लिहा, पाणी पाजू नका. माणसाची तापाची किंवा दुखण्याची गोळी तर अजिबात नको, कुत्र्याला ती विष ठरू शकते.

आमच्या सासूबाईंना बुळकांडी आठवते, तिनं गोठेच्या गोठे रिकामे केलेले. त्यांना सांगितलं की गोवर, गुरांची बुळकांडी, शेळ्यांचा पीपीआर आणि हा डिस्टेंपर एकाच गोतावळ्यातले, तेव्हा त्या गप्प झाल्या. बुळकांडी 2011 मध्ये जगातून गेली, तीही लशीच्याच जोरावर.

हा विषाणू बाहेर फार तग धरत नाही. साबण, ऊन, 30 भाग पाण्यात एक भाग ब्लीच, एवढ्यानं मरतो. पार्वो हा कुत्र्यांचा दुसरा विषाणू मात्र महिनोन्‌महिने मातीत राहतो, तिथे ही मुभा नाही. पण वाचलेलं कुत्रं काही आठवडे, कधी तीन-चार महिनेही विषाणू सोडत राहतं, तोवर त्याच्याजवळ पिलू नको.

आणि मेलेलं कुत्रं ओढ्याला टाकू नका. आमच्याकडे सर्रास टाकतात. शेजारच्या अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास झाला, तर त्याच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला. आजारी कुत्रं तर त्याला आयतंच. 2018 मध्ये गीरच्या दलखाणिया भागात महिन्याभरात 23 सिंह मेले, आणि त्यांच्यातला डिस्टेंपर पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत पकडला गेला. आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत 1994 साली सिंहांपैकी सुमारे एक तृतीयांश गेले होते. कोल्हा, लांडगा, उदमांजर यांनाही हा रोग होतो. तेव्हा कुत्रं चार फूट खोल, चुना टाकून पुरा. भरदिवसा झोकांड्या खाणारा, माणसाला न बुजणारा कोल्हा किंवा बिबट्या दिसला तर व्हिडिओ काढत पुढे जाऊ नका, वनखात्याच्या 1926 ला फोन लावा.

आता भोऱ्या आहे. त्याच्या तारखा मी दूधवाल्याच्या हिशेबाच्या वहीतच लिहिल्या, कारण ती वही रोज उघडते. शेवटची सुई नेमकी तोडीच्या दिवशी आली. मुकादमाला चहा दिला, अर्धा तास थांबा म्हटलं आणि भोऱ्याला पुढ्यात घेऊन स्कूटी काढली.