मिरगाच्या आधी वाळवी आणि मुंग्यांची तयारी

आमचं गावचं घर संगमेश्वरजवळ आहे, जांभ्याचा चौथरा, सागाचे वासे, वर कौलं. मे महिन्यात आठ-दहा दिवस जातो तेव्हा लाकूडफाटा भरणं, कौलं चाळणं चालूच असतं, त्यातच मी हे काम पण धरते, कारण दोन वर्षांपूर्वी आजीची पत्रं आणि जुने फोटो ठेवलेला खोका उघडला तर वरचा पुठ्ठा अगदी शाबूत आणि आत नुसती माती. अजून जीव तुटतो. म्हणून मी काय काय करते ते सगळं लिहितेय, तुमचा ग्राउंड फ्लोअरचा फ्लॅट असला तरी बरंचसं लागू पडेल.

आधी औषध आणायला धावू नका, टॉर्च, जुना स्क्रूड्रायव्हर आणि पेन्सिल घ्या आणि घराला बाहेरून एक पूर्ण फेरी मारा. चौथऱ्यावरून वर चढणारी, पेन्सिलीएवढी जाड मातीची रेघ दिसते का बघा, पाइपच्या मागे, पायरीच्या कोपऱ्यात, जिथे आपण कधी वाकून बघत नाही तिथे. जमिनीतल्या वाळवीला उघडी कोरडी हवा सोसत नाही, म्हणून ती ओल धरून ठेवणारी नळी बांधत बांधत लाकडापर्यंत येते. सापडली तर सगळी खरवडून काढू नका, मधूनच दोन इंच मोडा. आत तांदळाच्या कणीएवढे पांढरे मऊ किडे सैरावैरा धावताना दिसतील आणि थोड्या वेळात मोडलेल्या तोंडाशी तपकिरी डोक्याचे शिपाई येऊन उभे राहतील. शेजारी भिंतीवर पेन्सिलने तारीख लिहा. दोन-तीन दिवसांत नळी परत जोडली गेली तर वाळवी चालू आहे, नाही जोडली तरी लगेच निर्धास्त होऊ नका, वाट बदललेली असू शकते.

मग चौकटी, वासे, कपाटाची मागची बाजू स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा, पोकळ आवाज आला की तिथे टोक खुपसून बघा. फर्निचरखाली खसखशीसारखे कोरडे दाणे पडत असतील तर ती कोरड्या लाकडातली वाळवी, तिला जमीन लागतच नाही, त्यामुळे ती वस्तू आधी बाकीच्यांपासून लांब करा.

यानंतरचं काम कंटाळवाणं आहे पण माझ्या मते निम्म्याहून जास्त फरक यानेच पडतो, ते म्हणजे ओल तोडणं. गळका नळ, बाथरूमच्या भिंतीची ओल, पागोळीचं पाणी चौथऱ्याच्या मुळाशी पडतंय का, ते सगळं पाऊस लागायच्या आत करून घ्या. भिंतीला टेकवलेला लाकूडफाटा हलवून दगडांवर रचा, चौथऱ्याला लागून माती चढली असेल तर ओढून काढा, निदान वीतभर चौथरा उघडा दिसला पाहिजे म्हणजे नळी चढली की नजरेस पडते. कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे घ्या. आणि कागद, साड्या, फोटो पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवूच नका प्लीज, पुठ्ठा म्हणजे वाळवीचं जेवणच. पत्र्याची ट्रंक किंवा घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा घ्या आणि तोही जमिनीवर न टेकवता विटांवर ठेवा.

उघड्या, रंग न लावलेल्या लाकडाला बोरॅक्स गरम पाण्यात विरघळवून ब्रशने दोन हात देता येतात, पण फक्त आतल्या लाकडाला, पावसात भिजणाऱ्या लाकडातून ते धुऊन जातं. खांबाच्या बुडाला आमच्याकडे काजूच्या टरफलाचं तेल लावायची जुनी पद्धत आहे, हातमोजे घालूनच लावा, कातडीला लागलं तर फोड येतात. कडुनिंबाच्या तेलाने वाळवी थोडे दिवस लांब राहते, वारूळ मरत नाही. रॉकेल ओतायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, आगीची भीती, आणि जमिनीखालची वाळवी आहे तिथेच राहते.

मुंग्यांचं वेगळं. त्या एकमेकींच्या वासावर चालतात, म्हणून नुसतं झाडून उपयोग नाही, साबणाच्या पाण्याने ती वाट पुसून काढायची आणि भिंतीतली भेग पुट्टीने बुजवायची. तरी येतच राहिल्या तर आमिष करा: कपभर कोमट पाण्यात आठ चमचे साखर आणि फक्त अर्धा चमचा बोरिक पावडर, त्यात भिजवलेला कापसाचा बोळा बाटलीच्या झाकणात ठेवायचा. बोरिक जास्त घालू नका, ती मुंगी वाटेतच मेली तर वारुळापर्यंत काहीच पोचत नाही, आपल्याला ती घरी नेऊन राणीला भरवायला हवीय. पहिले एक-दोन दिवस झाकणाभोवती झुंबड उडते, ती उडू द्या, त्यावर स्प्रे मारला तर सगळं फुकट गेलं. आठवडा-दोन आठवडे धीर धरा आणि कापूस वाळला की बदलत राहा. साखरेकडे बघतच नसतील तर बोरिकची चिमूट शेंगदाण्याच्या कुटात आणि तुपात मळून ठेवा. हे पोटात गेलं तर माणसालाही विषच आहे, त्यामुळे रांगती मुलं आणि मांजर-कुत्रं पोचणार नाही अशाच जागी ठेवा. किडे मारायचा खडू मी घरात आणतच नाही, मुलांना तो पाटीवरचा खडू वाटतो.

दुधाच्या जाळीच्या कपाटाच्या पायाखाली पाण्याच्या वाट्या ठेवायची आजीची युक्ती आजही तितकीच चालते, पण ते पाणी दर तीन-चार दिवसांनी ओतून वाटी घासा, नाहीतर डेंग्यूचे डास होतात. अंगणातल्या मुंग्यांना मात्र हात लावू नका, त्या वाळवी खातात.

जमिनीखालून फरशीच्या सांध्यातून वाळवी वर येत असेल किंवा वासाच पोखरला असेल तर घरगुती उपायात वेळ घालवू नका, पेस्ट कंट्रोलचा माणूस बोलवा. फक्त आधी विचारा की औषध कुठलं, किती आणि कुठे. आमच्याकडे एकजण सगळ्या घरात फवारणी करून गेला, दोन दिवस आत बसवत नव्हतं आणि गणपतीत वाळवी पुन्हा हजर. घरभर फवारण्यापेक्षा भिंत आणि फरशीच्या सांध्यात भोकं पाडून तिथेच औषध सोडतात का, किंवा जमिनीत पुरायची आमिषाची डबी मिळते का ते विचारा. डबीला काही महिने लागतात पण ते औषध वाळवीची कात टाकायची प्रक्रियाच बंद पाडतं आणि घरात फवारा उडत नाही. क्लोरपायरिफॉस नावाचं कीटकनाशक म्हणाला तर मी नको म्हणते, अमेरिकेत त्याचा घरातला वापर २००० सालीच जवळपास बंद करायचं ठरलं. विहीर जवळ असेल तर ते पहिल्यांदा सांगा, आमची चौथऱ्यापासून दहा पावलांवर आहे.

पहिला मोठा पाऊस पडला की त्या संध्याकाळी दिवे लवकर मालवा, एक दिवा बाहेर लावून त्याखाली पाण्याची बादली ठेवा. सकाळी खिडकीशी पंख पडलेले असतील तर उचलून बघा, चारही सारख्या लांबीचे असले तर ती वाळवी, पुढचे मोठे मागचे छोटे असतील तर मुंग्या. आणि खिडक्या बंद असूनही पंख आतच सापडले तर त्याच दिवशी टॉर्च घेऊन परत पहिल्या फेरीपासून सुरुवात करा, पेन्सिलीची ती तारीख पुसू नका.