क्योटोला जाताना
लातूर, नांदेड की संभाजीनगर, कुठूनही निघा. मुंबई गाठून जपानमधल्या ओसाकाजवळच्या कान्साई विमानतळाचं तिकीट काढा. पुढे हारुका रेल्वेने क्योटो सव्वा तासावर. मोठ्या बॅगा सिटी बसमध्ये नेऊ नका, कामावर निघालेली माणसं दारातच अडकतात. फुशिमी इनारी हे शिंतो देऊळ चोवीस तास खुलं असतं, पण गर्दी टाळायची तर सकाळी सातच्या आत पोचा.

तुळजापूरला कल्लोळ तीर्थावर हातपाय धुतो ना, तसं इथेही दर्शनाआधी पाणी घ्यायचं, पण एकाच ओगराळ्यात सगळं. उजव्या हाताने भरून डावा हात धुवा, मग हात बदलून उजवा. डाव्या ओंजळीत घेऊन चूळ भरा, ती बाजूला टाका. ओगराळं तोंडाला लावू नका! डावा हात पुन्हा धुवा. शेवटी ते उभं धरा, उरलेलं पाणी दांड्यावरून ओघळतं आणि पुढच्याला दांडा स्वच्छ मिळतो.

शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ धर्माच्या, देवळात दोनदा वाकायचं, दोन टाळ्या, पुन्हा एकदा वाकायचं. बौद्ध मंदिरात टाळी नको, नुसते हात जोडा.

गिओन या जुन्या वस्तीतल्या खासगी गल्ल्यांत शिरलात तर १०,००० येन दंडाची पाटी आहे. गेइको (क्योटोतल्या गेइशा) आणि माइको (त्यांच्या शिकाऊ मुली) यांना वाटेत अडवून फोटो काढू नका.

शाकाहाऱ्यांनी जपून: साध्या मिसो (आंबवलेल्या सोयाबीनच्या) सूपमध्येही बहुधा माशाचा अर्क असतो. शोजिन र्‍योरी, म्हणजे बौद्ध मठातलं शाकाहारी जेवण, मागा.